म्यूरिन, लेओ

म्यूरिन, लेओ : (२३ जानेवारी १८२५ – १ जून १८९५). जर्मन जेझुइट धर्मगुरू, मुंबईचा व्हिकर अपॉस्टॉलिक (१८६७–८६) व रोमन कॅथलिक पंथाचा कडवा पुरस्कर्ता. मुंबईतील कॅथलिक शिक्षणसंस्थांची पायाभरणी, पोर्तुगीज धर्माश्रयाविरुद्धचा दीर्घ लढा आणि फ्रीमेसन पंथाविरुद्ध लिहिलेला एक बहुचर्चित, पण विपर्यस्त ग्रंथ या तीन गोष्टींशी त्याचे नाव निगडित आहे.

म्यूरिनचा जन्म बर्लिन येथे झाला. प्रशियाच्या या राजधानीत प्रॉटेस्टंट पंथ हा राजघराण्याचा व नोकरशाहीचा पंथ होता. कॅथलिक रहिवासी संख्येने थोडे व प्रतिष्ठेने दुय्यम होते. ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातील परिस्थिती याच्या नेमकी उलट होती. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ मध्ये हा बहुसंख्य कॅथलिक वस्तीचा मुलूख प्रशियाला मिळाला आणि तेव्हापासून बर्लिनचे सरकार व तेथील चर्च यांच्यात खटके उडू लागले. भिन्न पंथीय दांपत्यांच्या मुलांना कोणत्या पंथात वाढवावे, या प्रश्नावरून कोलोनचा आर्चबिशप क्लेमेन्स आउगुस्ट ड्रोस्टे याला सरकारने नोव्हेंबर १८३७ मध्ये अटक केली. ‘कोलोनचा गोंधळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाने जर्मनीतील कॅथलिक समाज खडबडून जागा झाला. योझेफ ग्यॉरेस या ज्येष्ठ विद्वानाने १८३८ मध्ये आटानासिउस हे आपले गाजलेले पुस्तक लिहून आर्चबिशपची बाजू मांडली. एकेकाळी फ्रेंच क्रांतीचा पाठीराखा असलेला ग्यॉरेस तोवर कॅथलिक लोकमताचा अग्रणी झाला होता. पांडित्य आणि पंथाभिमान यांची सांगड घालून वृत्तपत्रे व पुस्तिका यांच्या साहाय्याने धर्माची वकिली करणारा एक नवा वर्ग या घटनेतून जर्मनीत उदयास आला. म्यूरिन या वर्गाच्या दुसऱ्या पिढीचा प्रतिनिधी होय.

१८४८ मध्ये त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी जर्मनीत क्रांतीची लाट उसळली व पुढे प्रशियाच्या नव्या संविधानाने चर्चला बरेच स्वातंत्र्य दिले. कोलोनचा आर्चबिशप योहानेस फोन गाइसल याने या संधीचा लाभ घेऊन जर्मन बिशपांची पहिली परिषद वुर्ट्‌सबुर्ख येथे भरविली. गाइसलच्या हाताखाली म्यूरिनने काही काळ काम केले. सरकारशी पत्रव्यवहार कसा करावा, हक्काचा मुद्दा कोठे ताणावा आणि लोकमत कसे जागवावे, याचे शिक्षण त्याला येथे मिळाले असावे, असे त्याची मुंबईतील कार्यपद्धती पाहता म्हणता येते. १८५३ मध्ये तो जेझुइट संघात दाखल झाला. हा संघ १७७३ मध्ये पोपने विसर्जित केला होता व १८१४ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले होते. [⟶ जेझुइट संघ]. १८५८ मध्ये म्यूरिन मुंबईस आला.

त्या काळी मुंबई इलाख्यात नामांकित जर्मन विद्वान एकापाठोपाठ एक येत होते. मार्टिन हाउग १८५९ मध्ये पुण्यास, गेओर्ग ब्यूलर १८६३ मध्ये मुंबईच्या एल्‌फिन्स्टन महाविद्यालयात, तर फ्रान्झ कीलहोर्न १८६६ मध्ये पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात रुजू झाला. हे तिघेही संस्कृत वा अवेस्ता यांच्या अभ्यासासाठी सरकारी नोकरीत आलेले प्राध्यापक होते आणि ‘बाँबे संस्कृत सीरीज’सारख्या उपक्रमांमुळे महाराष्ट्रातील सुशिक्षितांना त्यांची नावे परिचित आहेत. जेझुइट मंडळी मात्र याच सुमारास वेगळ्या वाटेने आली. त्यांना वेतन नव्हते, परत जाण्याची मुदत नव्हती आणि भारतीय विद्यांचा अभ्यास हे त्यांचे मुख्य काम नव्हते. त्यांच्यापुढे एका जुन्या आणि चिघळलेल्या भांडणाने दुभंगलेला ख्रिस्ती समाज होता.

या भांडणाचे मूळ सोळाव्या शतकात आहे. पूर्वेकडील देशांत बिशपांची नावे सुचविण्याचा अधिकार व चर्चच्या खर्चाची जबाबदारी पोपने पोर्तुगालच्या राजाकडे सोपविली होती. या व्यवस्थेस ‘पाद्रुआदो’ म्हणजे धर्माश्रय म्हणत. गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिल्यानंतर वसई, साष्टी व मुंबई बेटांवर जी चर्चे उभी राहिली, ती या व्यवस्थेखाली गोव्याच्या धर्मपीठाशी जोडली गेली. पुढे पोर्तुगालची सत्ता क्षीण झाली, तरी हक्क कायम राहिला. म्हणून रोमने १६२२ मध्ये ‘प्रोपागांदा’ ही धर्मप्रसाराची स्वतंत्र मध्यवर्ती संस्था स्थापून आपल्याला थेट जबाबदार असे व्हिकर अपॉस्टॉलिक पाठविण्यास प्रारंभ केला. मुंबई १६६५ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आली. पोर्तुगीज पाद्री वसईच्या सरकारशी संधान बांधून आहेत, असा संशय येऊन इंग्रजांनी १७२० मध्ये त्यांना बेटाबाहेर घालविले व कार्मेलाइट पंथाच्या व्हिकर अपॉस्टॉलिककडे मुंबईची चर्चे सोपविली. चिमाजी आप्पाने १७३९ मध्ये वसई घेतल्यावर पोर्तुगीजांचे राजकीय भय संपले. धार्मिक दावा मात्र संपला नाही. अखेर १७९४ मध्ये मुंबईतील चर्चे दोन्ही पक्षांत वाटून देण्यात आली आणि एकाच शहरात, एकाच पंथाच्या लोकांवर दोन धर्माधिकाऱ्यांची सत्ता सुरू झाली. एकाच वाड्यातील दोन घरे दोन वेगळ्या बिशपांना मानीत, अशी स्थिती त्यातून उद्‌भवली.

पोर्तुगालने १८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त करून रोमशी संबंध तोडले. त्याला उत्तर म्हणून पोप सोळावा ग्रेगरी याने १८३८ च्या आज्ञापत्राने ब्रिटिश मुलखातील पाद्रुआदोचे अधिकार काढून घेतले. गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी हे आज्ञापत्र अस्सल मानण्यासच नकार दिला. यानंतरच्या काळात चर्चच्या किल्ल्या, जमिनी व दफनभूमी यांवरून मुंबईत दंगे आणि खटले झाले. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकेल चर्चचा ताबा सोडण्यास नकार देऊन बिशप आनास्टासिउस हार्टमान हा आपल्या अनुयायांसह चर्चमध्येच ठाण मांडून बसला. विरोधकांनी बाहेरून वेढा घातला आणि शेवटी सरकारी अधिकाऱ्यांना मध्ये पडावे लागले. हार्टमान हा स्विस कॅप्युचिन होता. त्याच्या पक्षाची बाजू मांडण्यासाठी बाँबे कॅथलिक एक्झामिनर हे नियतकालिक १८५० मध्ये निघाले होते. १८५४ मध्ये पुण्याचा व १८५८ मध्ये मुंबईचा विभाग कॅप्युचिनांकडून जेझुइटांकडे आला. जेझुइटांपैकी वॉल्टर स्टाइन्स हा डच धर्मगुरू १८६१ पासून मुंबईचा प्रमुख होता. त्याची कलकत्त्यास बदली झाल्यावर १८६७ मध्ये म्यूरिनची व्हिकर अपॉस्टॉलिक म्हणून नेमणूक झाली. आस्कालोनचा नामधारी बिशप अशी त्याची पदवी होती.

या वादाकडे केवळ रोम व लिस्बन यांच्यातील हक्काची लढाई म्हणून पाहणे अपुरे ठरेल. पाद्रुआदोच्या बाजूचे बहुतेक पाद्री गोमंतकीय, म्हणजे या भूमीतलेच होते. प्रोपागांदाच्या बाजूचे धुरीण युरोपीय होते. वसई, साष्टी व मुंबई येथील मूळच्या मराठी बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती शेतकरी, कोळी व कारागिरांना आपला पाद्री कोणत्या पक्षाचा आहे यापेक्षा तो आपल्या सणावारांना, पंचायतीच्या मानपानाला व वहिवाटीला जपतो की नाही, याचे महत्त्व अधिक होते. युरोपीय जेझुइटांची शिस्त, हिशेबाची चोखता आणि शाळा चालविण्याची हातोटी यांचा लाभ लोकांना दिसत होता. पण भारतीय पाद्र्याला वरच्या पदावर वाव न देणारी व्यवस्था म्हणूनही तिच्याकडे पाहिले जाई. म्यूरिनच्या दृष्टीने हा प्रश्न आज्ञापालनाचा होता : पोपची आज्ञा स्पष्ट असताना राजाश्रयाचा दाखला देणे म्हणजे चर्चला राज्याच्या दावणीला बांधणे होय. १८३७ च्या कोलोनमध्ये प्रशियाच्या राजाविरुद्ध जो युक्तिवाद वापरला गेला, तोच त्याने मुंबईत पोर्तुगालच्या राजाविरुद्ध वापरला. तर्क म्हणून तो निर्दोष आहे. परंतु कोलोनमध्ये तो परकीय सरकारविरुद्ध स्थानिक लोकांच्या बाजूने होता आणि मुंबईत त्याची धार बऱ्याच अंशी स्थानिक पाद्र्यांवर आली, हा फरक म्यूरिनने लक्षात घेतल्याचे दिसत नाही.

शिक्षणाच्या क्षेत्रातील कार्य हे म्यूरिनच्या कारकिर्दीचे सर्वांत टिकाऊ फळ होय. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले होते आणि पदवीधरांना सरकारी व व्यापारी नोकऱ्यांची दारे उघडू लागली होती. कॅथलिक मुले मात्र बहुधा प्राथमिक शिक्षणापुढे जात नसत. माझगाव येथील सेंट मेरीज व वांद्रे येथील सेंट स्टॅनिस्लॉस या शाळा म्यूरिनच्या आधीच सुरू झालेल्या होत्या. पुण्यात सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूल १८६७ मध्ये निघाले. मुंबईत १८६९ मध्ये सेंट झेव्हियर्स महाविद्यालयाची स्थापना झाली. त्याचा प्रारंभ अगदी लहान प्रमाणावर झाला. तथापि त्याचे दरवाजे पहिल्यापासून सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना मोकळे असल्याने पारशी व हिंदू विद्यार्थीही तेथे येऊ लागले. जर्मनीतील एका राजकीय घटनेचा या संस्थेला अप्रत्यक्ष फायदा झाला. बिस्मार्कने कॅथलिक चर्चविरुद्ध ‘कुल्टुरकाम्फ’ हा संघर्ष आरंभिला व ४ जुलै १८७२ च्या कायद्याने जेझुइट संघाला जर्मन साम्राज्यात बंदी घातली. देशाबाहेर पडलेल्या या विद्वान संन्याशांपैकी काहींची सेवा मुंबई-पुण्याच्या संस्थांना मिळाली. बर्लिनच्या सरकारने ज्यांना धोकादायक ठरविले, त्यांना मुंबईच्या ब्रिटिश सरकारने शाळांसाठी अनुदाने दिली, हा त्या काळचा एक चमत्कारिक विरोधाभास होय.

सेंट झेव्हियर्समध्ये संस्कृतचेही अध्यापन होत असे. तेथे शिकविणाऱ्या आलोइस फ्यूरर याने वसिष्ठ धर्मशास्त्राची आवृत्ती १८८३ मध्ये संपादित केली. हा फ्यूरर पुढे कॅथलिक पंथ सोडून पुराणवस्तुखात्यात गेला आणि नेपाळच्या तराईतील उत्खननांविषयी त्याने केलेली बनवाबनवी १८९८ मध्ये उघडकीस आली. पण तो वेगळ्या नोंदीचा विषय आहे. इतिहाससंशोधनाची खरी परंपरा या महाविद्यालयात बऱ्याच उशिरा, १९२६ मध्ये स्पॅनिश जेझुइट हेन्‍री हेरास याने संशोधनसंस्था स्थापन केल्यावर सुरू झाली.

मराठी भाषेच्या दृष्टीने पाहता जर्मन जेझुइटांच्या कार्याची एक मर्यादा ठळकपणे जाणवते. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापून मराठीत ओवीबद्ध ख्रिस्ती वाङ्‌मयाचा पाया घातला होता. त्याच संघाचे लोक अडीचशे वर्षांनी परत आले, तेव्हा त्यांनी शिक्षणाचे व वादविवादाचे माध्यम म्हणून प्रामुख्याने इंग्रजीचा अवलंब केला. म्यूरिनचे मुंबईतील लेखनही इंग्रजीत आहे. परिणामी वांद्रे, माहीम व साष्टी येथील ख्रिस्ती सुशिक्षितांची पुढची पिढी इंग्रजीकडे वळली. याला अपवाद ग्रामीण भागातील केंद्रांचा. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर अहमदनगर जिल्ह्यातील राहुरी तालुक्यात केंदळ येथे जेझुइटांनी दलित समाजात काम सुरू केले. या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन ही प्रॉटेस्टंट संस्था १८३१ पासूनच कार्यरत होती. केंदळसारख्या ठिकाणी मराठीवाचून गत्यंतर नव्हते.

म्यूरिन ज्या वर्षी बिशप झाला, त्याच वर्षी मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. १८७५ मध्ये आर्य समाज स्थापन झाला आणि १८७९ मध्ये थिऑसॉफीचे प्रवर्तक ब्लाव्हाट्‌स्की व ऑल्कट मुंबईत उतरले. धर्मविषयक जाहीर व्याख्याने ही त्या काळच्या मुंबईची एक प्रकारे करमणूकच होती. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन याने पारशी व हिंदू धर्मांवर घेतलेल्या आक्षेपांमुळे वातावरण पूर्वीच तापलेले होते. म्यूरिन या मैदानात कॅथलिक पक्षाचा वक्ता म्हणून उतरला. झोरोआस्टर अँड क्राइस्ट आणि गॉड अँड ब्रह्म ही त्याची व्याख्याने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली. तुलनात्मक धर्माभ्यासाची साधने हाताशी धरायची, अन्य धर्मांतील उदात्त विचारांना काही अंशी मान्यता द्यायची आणि त्यांची परिपूर्ती ख्रिस्ती धर्मात झाल्याचे दाखवायचे, ही या प्रकारच्या लेखनाची रीत होती. भांडारकरांसारखे देशी विद्वान चिकित्सक पद्धतीने संस्कृत ग्रंथांचा अभ्यास करीत असलेल्या शहरात अशा लेखनाला विद्वन्मान्यता मिळणे अवघड होते व ती मिळालीही नाही.

रोमचा त्याच्यावर विश्वास होता. केरळातील सिरियन ख्रिस्ती लोकांत मार एलियास मेल्लुस या खाल्डियन बिशपाच्या आगमनाने (१८७४) फूट पडली, तेव्हा पोपचा निरीक्षक म्हणून म्यूरिनला १८७६ मध्ये मलबारला पाठविण्यात आले. आपल्या विधींनुसार आणि आपल्यातील बिशपाच्या हाताखाली राहू द्यावे, अशी सिरियन लोकांची जुनी मागणी होती. निरीक्षणानंतर १८७७ मध्ये त्यांच्यासाठी एक स्वतंत्र सहायक बिशप नेमण्यात आला. परंतु तोही युरोपीयच होता. सिरियन व लॅटिन विधींच्या लोकांची विभागणी १८८७ मध्ये झाली.

दरम्यान पाद्रुआदोचा तिढा पुन्हा ऐरणीवर आला. पोप नववा पायस याने १८५७ मध्ये पोर्तुगालशी केलेला करार बव्हंशी कागदावरच राहिला होता. तेरावा लिओ याने १८८४ मध्ये पाद्रुआदोचे क्षेत्र आवळण्याचा प्रयत्न केला, तेव्हा लिस्बन येथे व मुंबईच्या गोमंतकीय समाजात तीव्र प्रतिक्रिया उमटली. म्यूरिनने द कन्‌कॉर्डट क्वेश्चन ही पुस्तिका १८८५ मध्ये प्रसिद्ध करून आपल्या पक्षाची बाजू मांडली. दुहेरी अधिकार समूळ नष्ट व्हावा, हा त्याचा आग्रह होता. निर्णय मात्र वेगळाच लागला. २३ जून १८८६ रोजी पोप व पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला. त्यानुसार गोव्याच्या आर्चबिशपास पूर्वेचा पॅट्रिआर्क ही पदवी मिळाली, दमणचे नवे धर्मपीठ निर्माण झाले आणि साष्टी-वसईसह मुंबईतील पाद्रुआदोची चर्चे त्याला जोडण्यात आली. १ सप्टेंबर १८८६ च्या आज्ञापत्राने भारतात नियमित धर्मप्रांत स्थापन झाले व मुंबई हे आर्चबिशपचे ठिकाण बनले. एकोणीस वर्षे मुंबईचा कारभार पाहिलेला म्यूरिन मात्र तिचा पहिला आर्चबिशप झाला नाही. ते पद जॉर्ज पोर्टर या इंग्रज जेझुइटाला देण्यात आले. पाद्रुआदोचा एवढा उघड विरोधक नव्या समेटाचा रखवालदार म्हणून पोर्तुगालला रुचणे शक्य नव्हते, हे उघड आहे. दुहेरी अधिकार पुढे आणखी बेचाळीस वर्षे चालला आणि १५ एप्रिल १९२८ च्या करारानेच त्याचा शेवट झाला. त्या करारानेही मुंबईचे आर्चबिशपपद पोर्तुगीज व ब्रिटिश प्रजाजनांना आळीपाळीने द्यावे असे ठरविले. पहिला भारतीय आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस हे १९५० मध्ये झाले. जर्मन जेझुइटांचे कार्य त्यापूर्वीच, पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करून मायदेशी पाठविल्याने, खंडित झाले होते.

१८८७ मध्ये म्यूरिनची मॉरिशसमधील पोर्ट लुई येथे बदली झाली. निसिबिसचा नामधारी आर्चबिशप ही पदवी त्याला व्यक्तिशः देण्यात आली. मॉरिशस ब्रिटिशांच्या अंमलाखाली असले, तरी तेथील वरिष्ठ वर्ग फ्रेंचभाषक व कॅथलिक होता. मजूरवर्ग करारबद्ध भारतीयांचा असून त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषक कोकणीही होते. फ्रेंच वरिष्ठ वर्गात फ्रीमेसन मंडळांचे वजन अठराव्या शतकापासून होते. मुंबईत असताना म्यूरिनने मेसन मंडळांचा वेगळा प्रकार पाहिलेला असणार. तेथे १८४३ मध्ये स्थापन झालेल्या ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ या मंडळाने भारतीयांना, विशेषतः पारशांना, प्रवेश दिला होता आणि त्याचे स्वरूप प्रतिष्ठितांच्या स्नेहमंडळासारखे होते. तेराव्या लिओने १८८४ मध्ये या पंथाचा निषेध करणारे परिपत्रक काढल्यानंतर कॅथलिक लेखकांत त्याविषयी लिहिण्याची अहमहमिका लागली. म्यूरिनचा ला फ्रां-मासॉनरी, सिनागॉग द सातां हा मोठा फ्रेंच ग्रंथ १८९३ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात यहुदी गूढविद्या, प्राचीन मूर्तिपूजक पंथ, भारतीय व इराणी धर्मकल्पना आणि मेसन मंडळांचे विधी यांची सरमिसळ करून हे सर्व एकाच सैतानी कटाचे धागे असल्याचे प्रतिपादन केले आहे. मुंबईत मिळविलेली धर्मविषयक माहिती येथे पुराव्यासाठी राबविली आहे. परंतु शब्दांचे साम्य, अंकांची जुळणी व प्रतीकांचे स्वैर अर्थ यांपलीकडे त्या पुराव्याची मजल जात नाही. यहुद्यांविषयीचा द्वेष तर पानोपानी आहे. युरोपातील आधुनिक यहुदीविरोधी प्रचाराचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकारांनी या ग्रंथाची गणना त्या प्रचाराच्या साधनांत केली आहे. ज्या सरकारने आपल्या संघाला ‘गुप्त कट करणारे’ म्हणून हद्दपार केले, त्या सरकारच्या विचारपद्धतीचाच हा लेखक दुसऱ्या एका अल्पसंख्य समाजावर प्रयोग करीत होता.

ग्रंथासाठी लागणारी काही माहिती म्यूरिनने लेओ ताक्सिल याच्याकडून घेतली होती. हे गाब्रिएल जोगां-पाजेस (१८५४–१९०७) या फ्रेंच पत्रकाराचे टोपणनाव होय. प्रथम धर्मविरोधी अश्लील लेखनासाठी कुप्रसिद्ध असलेल्या या इसमाने १८८५ मध्ये पश्चात्ताप झाल्याचे सोंग करून कॅथलिक पंथात पुनःप्रवेश केला आणि मेसन मंडळांतील सैतानपूजेच्या कपोलकल्पित कथा बारा वर्षे प्रसृत केल्या. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भूगोल संस्थेच्या सभागृहात त्याने हा सर्व बनाव असल्याचे स्वतःच जाहीर केले आणि आपण कोणाकोणास फसविले ते सांगताना पोर्ट लुईच्या बिशपचे नावही घेतले. म्यूरिन त्यापूर्वी जवळजवळ दोन वर्षे पोर्ट लुई येथे मरण पावला होता. त्याचा ग्रंथ मात्र ताक्सिलच्या कबुलीनंतरही वाचला जात राहिला व विसाव्या शतकातील कटसिद्धान्तांच्या लेखकांनी त्याचा आधार घेतला.